जखमी हात आणि सुई

नवी दिल्लीत चाकरीसाठी येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी, गाडी चुकेल या धास्तीने चेम्सफर्ड रस्त्यावरून रिक्षा दामटली नाही असा माणूस विरळाच. कॅनॉट प्लेस आणि नवी दिल्ली स्थानक यांना जोडणाऱ्या या रस्त्याला ज्याचे नाव आहे, तो लॉर्ड चेम्सफर्ड १९१६ ते १९२१ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे तो शाळेच्या पुस्तकात राहिला आणि जालियनवाला बागेमुळे आपल्या स्मरणात. फ्रेडरिक थेसिजर हे त्याचे मूळ नाव. त्याला अर्नेस्ट थेसिजर नावाचा एक सख्खा चुलतभाऊ होता. हा भाऊ राज्यकारभाराच्या वाटेला कधी गेला नाही. तो नट होता आणि रिकाम्या वेळी सुई-दोरा घेऊन भरतकाम करीत बसणे हा त्याचा छंद होता. या भावाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने ज्यांनी मोडलेले आयुष्य टाक्या-टाक्याने सांधले अशा काही माणसांविषयी, आज लिहावयाचे आहे.

हा विषय मला कसा सुचला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण इतिहासाचा मी हौशी वाचक असलो, तरी भरतकामाशी माझा सुतराम संबंध नव्हता. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्याच सहा आठवड्यांत बढतीसाठीची विभागीय परीक्षा होऊन गेली. तिच्यासाठी मी दीड वर्ष पहाटे उठून नियमावल्या पाठ केल्या होत्या. प्लास्टर निघाल्यावर आत जो हात सापडला तो माझा वाटेना. बोटे लाकडाच्या खुंट्यांसारखी ताठ. संगणकाच्या कळा चुकत, पेन गळून पडे आणि सही इतकी बदलली की बँकेने धनादेश परत पाठवला. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगितला होता. पण चेंडू दाबून होते काय, तर चेंडू दाबला जातो. दिवसाअखेरी दाखवावे असे हाती काहीच उरत नसे.

मदतीला म्हणून कराडहून आलेली आई हे पाहत होती. एका दुपारी तिने दोसुतीचा एक तुकडा आणि जाड नाक्याची सुई माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ‘पेन धरवत नाही ना तुला? मग सुई धर. ती हलकी असते.’ पहिल्या दिवशी फुलीचे अकरा टाके झाले. दुसऱ्या दिवशी तेवीस. मला अजून आठवते, कारण ते मी मोजले होते. चौथ्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधले एक सहकारी समाचाराला आले, तेव्हा दारावरची घंटा ऐकताच मी तो तुकडा सुईसकट उशीखाली दडपला. ते तासभर बसले. रात्री ती सुई माझ्याच मानेला टोचली, आणि आपण नेमके काय लपवले आणि कशासाठी, या विचाराने झोप लागेना. कचेरीतला कागद असता तर पूर्वीचे उदाहरण शोधले असते. त्याच सवयीने मी या बाबतीतही पूर्वीचे उदाहरण शोधू लागलो, आणि अर्नेस्ट थेसिजर सापडला.

अर्नेस्टचा जन्म १८७९ चा, लंडनचा. आजोबा पहिले लॉर्ड चेम्सफर्ड. घराणे कायदा आणि लष्कर यांत मुरलेले. या मुलाने मात्र स्लेड कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि चित्रकार म्हणून जम बसेना तेव्हा तिशीच्या सुमारास तो रंगभूमीवर गेला. उंच, किडकिडीत, टोकदार नाकाचा आणि बोलण्यात त्याहून टोकदार असा हा गृहस्थ होता. सुईकामाची आवड त्याला युद्धाच्या आधीपासूनच होती. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा पस्तिशीच्या या नटाने साधा शिपाई म्हणून नाव नोंदवले. त्या घराण्यातल्या माणसाला अधिकाराची जागा मिळणे कठीण नव्हते, म्हणून हे विशेष. १९१५ च्या आरंभी पश्चिम आघाडीवर ज्या इमारतीत त्याची तुकडी आसऱ्याला होती तिच्यावर तोफगोळा पडला. थेसिजर वाचला, पण त्याचे दोन्ही हात जखमी झाले. चित्रकार, नट आणि भरतकाम करणारा, या तिन्ही धंद्यांत ज्या अवयवावाचून चालत नाही, नेमका त्याच्यावर घाव बसला.

तो मायदेशी परतला, हात बरे झाले, आणि त्याच वर्षी ‘अ लिटल बिट ऑफ फ्लफ’ नावाच्या एका प्रहसनात तो उभा राहिला. त्या प्रहसनाचे बाराशेहून अधिक प्रयोग झाले. रजेवर आलेले सैनिक ते पाहून पोट धरून हसत. पुढे १९२४ मध्ये बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’च्या लंडनमधल्या पहिल्या प्रयोगात डोफँ झालेला नट तो हाच, आणि जुन्या इंग्रजी भयपटांचे शौकीन त्याला १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला डॉक्टर प्रिटोरियस म्हणून ओळखतील. चित्रीकरणाच्या दोन दृश्यांमध्ये हा भयानक डॉक्टर कोपऱ्यात बसून शांतपणे भरतकाम करीत असे. १९४१ मध्ये भरतकामावर त्याने एक पुस्तकही लिहिले. पण हे सगळे त्याच्या चरित्रातले शोभेचे भाग झाले. आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे.

युद्ध संपण्यापूर्वीच विलायतेच्या रुग्णालयांत असे हजारो तरुण साठले होते, की ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण ज्यांना जुना धंदा पुन्हा करता येणे शक्य नव्हते. खाणकामगाराचे पाय गेलेले, गाडीवानाच्या पाठीचा कणा दुखावलेला, कोणाच्या फुप्फुसात विषारी वायू गेलेला. थोडे निवृत्तिवेतन, अंथरूण आणि समोरचा संपूर्ण दिवस. मला वाटते, जखमी माणसाचे खरे वैर वेदनेशी नसतेच. ते त्या दिवसाशी असते. वेदनेला औषध असते, दिवसाला नसते. थेसिजरला जे सुचले ते यातून सुचले. या माणसांना भरतकाम शिकवावे आणि त्याचा त्यांना मोबदला मिळावा, अशी योजना घेऊन तो निवृत्तिवेतनाचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाकडे गेला. मंत्रालयाने ती नाकारली. कारण असे, की हा उद्योग पुरुषांना शोभणारा नाही, फार बायकी आहे.

मी स्वतः एका मंत्रालयात टिपण्या लिहून पोट भरतो, त्यामुळे हा नकार ज्या टेबलावर लिहिला गेला ते टेबल मला स्पष्ट दिसते. खाली ज्याने टिपणी लिहिली तो बहुधा दुष्ट नसेल. प्रस्तावात चूक काढण्याजोगे काही सापडले नसेल, म्हणून त्याने शोभा पुढे केली असेल. खंदकात महिनोन् महिने चिखलात उभे राहून आलेल्या माणसाच्या पुरुषत्वाला लोकरीच्या धाग्याने धोका पोचेल, ही कल्पना ज्या माणसाला सुचू शकते त्याने खंदक पाहिलेला नसतो, एवढे खात्रीने म्हणता येते.

थेसिजर दुसऱ्या दाराने आत शिरला. ‘फ्रेंड्स ऑफ द पुअर’ नावाची एक धर्मादाय संस्था लंडनच्या एबरी स्ट्रीटवर काम करीत होती. तिच्या आश्रयाने १९१८ मध्ये अपंग सैनिकांचा भरतकाम उद्योग सुरू झाला. नाव असेच रोखठोक होते: ‘डिसेबल्ड सोल्जर्स एम्ब्रॉयडरी इंडस्ट्री’. कामाची रीत अशी, की नमुने थेसिजर तयार करी, बहुतेक जुन्या शतकांतल्या भरतकामावरून. कॅनव्हास आणि लोकर माणसांच्या घरी जाई. आणि भरलेले काम परत येऊन विकले जाई. खुर्च्यांची आसने, पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या. ज्याला अंथरुणातून उठता येत नव्हते त्यालाही हे काम करता येई, आणि हाच या योजनेतला कळीचा मुद्दा होता. कारखाना माणसाकडे जात होता. माणसाला कारखान्याकडे जावे लागत नव्हते. राणी मेरीला स्वतःला सुईकामाचे वेड असल्याने तिचा या उद्योगाला आधार मिळाला. थेसिजरचा तिच्याशी इतका स्नेह होता की दोघे एकत्र बसून भरतकाम करीत. राजवाड्याने विकत घेतलेल्या वस्तूला ‘बायकी’ म्हणण्याची सोय राहिली नाही. हा उद्योग १९५५ पर्यंत, म्हणजे दुसरे महायुद्धही पचवून, सदतीस वर्षे चालला. सरकारने नाकारलेल्या योजनेला हे आयुष्य काही कमी नाही.

यातली मोबदल्याची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. रुग्णालयात वेळ घालवण्यासाठी सैनिकांना सुई देणाऱ्या दयाळू स्त्रिया पुष्कळ होत्या. पण वेळ घालवण्यासाठी दिलेले काम आणि विकण्यासाठी केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात चूक झाली तर ‘असू दे हो’ म्हणतात. दुसऱ्यात चूक झाली तर उसवावे लागते. आणि माणसाला पुन्हा माणसांत आणणारी गोष्ट ‘असू दे हो’ ही नसून ‘उसवा’ ही आहे, असे माझे मत आहे. आई माझ्या पहिल्या अकरा टाक्यांना छान म्हणाली असती, तर बारावा मी घातला नसता.

त्या काळातले एक मोठे काम आजही पाहावयास मिळते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मुख्य वेदीच्या पुढच्या बाजूला सोडावयाचा एक भरजरी पडदा आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका येथल्या सव्वाशेहून अधिक जखमी सैनिकांनी तो भरला. वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगवेगळे तुकडे भरले गेले आणि मग ते जोडण्यात आले. मधोमध चषक, भोवती ताडाच्या पानांच्या डहाळ्या, फुले आणि पक्षी. युद्धाचे एकही चिन्ह त्यावर नाही: ना तलवार, ना झेंडा, ना रक्त. खंदकातून आलेल्या माणसांनी महिनोन् महिने बसून भरले ते पक्षी आणि फुले. ६ जुलै १९१९ रोजी शांततेबद्दल परमेश्वराचे आभार मानण्यासाठी तेथे प्रार्थनासभा झाली, राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी तिला उपस्थित होती, आणि वेदीवर हा पडदा होता.

जालियनवाला बागेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. व्हाइसरॉयच्या खुर्चीवर फ्रेडरिक थेसिजर बसलेला होता. शांततेची प्रार्थना लंडनमध्ये चालली होती आणि पंजाबात माणसे अजून आपली माणसे मोजत होती. तो पडदा भरणाऱ्या सैनिकांचा यात काही दोष नाही. पण एकाच घराण्याचे दोन चुलतभाऊ एकाच वर्षी इतक्या दूर टोकांना उभे असलेले पाहिले की चेम्सफर्ड रस्त्यावरून जाताना मला आता नुसते स्थानक आठवत नाही.

ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मन बाँब पडून सेंट पॉलची मुख्य वेदी उद्ध्वस्त झाली. पडदा तेव्हापासून आत ठेवलेला होता. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये तो पुन्हा बाहेर काढण्यात आला. भरणाऱ्यांची नावे नोंदलेली होती, त्यामुळे त्यांच्या नातवा-पणतवांचा शोध घेता आला.

आता ज्याच्याविषयी लिहावयाचे तो या रांगेत बसणारा नाही. त्याला कोणी नमुना पाठवला नाही, कोणत्या राणीने त्याची विचारपूस केली नाही आणि तोफगोळाही त्याच्यावर पडला नाही. जॉन क्रास्क हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोकमधल्या शेरिंगहॅम गावचा कोळी. जन्म १८८१. बापजाद्यांपासून समुद्रावर जाणारे घर. पुढे किनारा सोडून आतल्या डेरेहॅम गावात त्याने मासळीचे दुकान टाकले. सैन्यभरतीत आधी नापास झालेल्या या माणसाला १९१७ मध्ये, माणसांचा तुटवडा पडल्यावर, भरती करून घेण्यात आले. महिना झाला नाही तोच तापाने तो आडवा झाला आणि त्यातून मेंदूचे दुखणे उद्भवले. युद्ध त्याने पाहिलेच नाही. १९१८ मध्ये त्याला बायकोच्या स्वाधीन करून घरी पाठवण्यात आले. त्यानंतरची पंचवीस वर्षे त्याची शुद्ध भरती-ओहोटीसारखी येई आणि जाई. कधी आठवडे, कधी महिने तो अर्धवट गुंगीत पडून राही आणि मग एके दिवशी जणू काही झालेच नाही असा डोळे उघडी.

बायकोचे नाव लॉरा. तिने त्याला भरवले, न्हाऊ घातले, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून किनाऱ्यावर नेऊन ठेवले. १९२३ च्या सुमारास तो लहान नावा कोरू लागला, चित्रे काढू लागला. कागद, पुठ्ठा, दाराची फळी, जे हाती लागेल त्यावर समुद्र. पुढे बसवेनासे झाले. अंथरुणावर उताणे पडलेल्या माणसाला रंगाचे भांडे सांभाळता येत नाही. तेव्हा लॉराला आठवले की नाताळच्या पुडिंगसाठी आणलेले जाडेभरडे कापड घरात आहे. ते तिने एका जुन्या चौकटीवर ताणून बसवले. त्याने त्यावर एक होडी रेखली आणि लोकरीने ती कशी भरावी हे तिने त्याला दाखवले. नॉरफोकच्या कोळ्याच्या हाताला दोर, जाळे आणि गाठ यांची सवय होती; सुई त्याच जातीची वस्तू निघाली.

त्याने जे भरले त्याला भरतकाम म्हणताना जीभ अडखळते. लाटेचा उतार टाक्याच्या दिशेने दाखवलेला असतो. वारा कोठून वाहतो ते शिडावरून नव्हे, पाण्यावरून समजते. दुरून पाहणाऱ्या चित्रकाराचा हा समुद्र नव्हे. ज्याला त्यात बुडण्याची भीती असते त्याचा हा समुद्र आहे. व्हॅलेंटाइन अ‍ॅकलंड नावाची एक कवयित्री त्याच्याकडे लहानशी नाव विकत घेण्यासाठी आली आणि तिच्यामुळे १९२९ मध्ये लंडनच्या वॉरन गॅलरीत त्याच्या कामाचे प्रदर्शन झाले. क्रास्क तेथे गेला नाही. जाऊ शकत नव्हता. थोडा गवगवा झाला आणि मग लोक विसरले. तो भरीतच राहिला.

१९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडलेल्या सैन्याला सोडवण्यासाठी इंग्लंडहून लहान-मोठ्या नावा निघाल्या. त्या नावा मासेमारीच्या होत्या, सहलीच्या होत्या. क्रास्कने ज्यांवर आयुष्य काढले असते त्या होत्या. अंथरुणावर पडल्या-पडल्या त्याने तो प्रसंग भरावयास घेतला. लांबलचक कापड: पाणी, धूर, जहाजे, किनाऱ्यावर मुंग्यांसारखी माणसांची रांग. १९४३ मध्ये तो वारला तेव्हा थोडेसे आकाश भरावयाचे राहिले होते. ते कापड नॉरिच येथील संग्रहालयात आहे आणि आकाशाचा तो तुकडा तसाच कोरा आहे. पुरा करण्याचा मोह कोणाला झाला नाही, याबद्दल संग्रहालयाचे उपकार मानावे तितके थोडे.

क्रास्कला सुईने बरे केले नाही. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ‘कलेने रोग बरा होतो’ असे म्हणण्याची आपल्याकडे फार घाई असते. त्याची गुंगी शेवटपर्यंत येत राहिली. सुईने एवढेच केले, की गुंगीतून वर आल्यावर आपण कोठे होतो हे त्याला कापडावर दिसे. शेवटचा टाका जेथे असेल तेथून पुढे.

अमेरिकेतही याच वर्षांत जॉर्ज बार्टन नावाचा एक वास्तुशिल्पी, ज्याला क्षयाने गाठले होते, ज्याच्या पायाचा भाग कापावा लागला होता आणि नंतर ज्याची डावी बाजू लुळी पडली होती, स्वतःवरच प्रयोग करून हातकामाने शरीर वळणावर आणू पाहत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी त्याने घर घेतले आणि त्याला ‘सांत्वनगृह’ अशा अर्थाचे नाव दिले. मार्च १९१७ मध्ये त्या घरात पाच-सहा माणसे जमली आणि हातकामातून उपचार या विद्येची पहिली संस्था स्थापन झाली. आज रुग्णालयांत ‘ऑक्युपेशनल थेरपी’ अशी पाटी दिसते तिचे मूळ तेथे आहे.

त्याच १९१७ साली मुंबईत जे घडले ते आपल्या अधिक जवळचे आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी कूट येथे वेढले. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला आणि उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे हे लोक. त्या आघाडीवरच्या जखमींची जहाजे मुंबईला लागत. हातपाय गमावलेल्या शिपायांना गावी धाडून काय होणार? नांगराला दोन हात लागतात. मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन हिने पुढाकार घेऊन १९१७ मध्ये अपंग हिंदी सैनिकांसाठी धंदेशिक्षणाची शाळा काढली आणि तिला नाव दिले राणी मेरीचे. एबरी स्ट्रीटच्या भरतकामाला जिचा आधार होता तीच ही राणी. शाळा पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावाने आजही तेथे अपंग जवान धंदा शिकतात. (दिल्लीकर वाचकांसाठी जाता-जाता: आपण हिवाळ्यात शेंगदाणे खात ज्या लोदी गार्डनमध्ये बसतो तिचे १९३६ मधले मूळ नाव लेडी विलिंग्डन पार्क.)

या शाळेत यंत्रे चालवणे शिकवीत तसे शिवणकामही शिकवीत. आणि येथे एक मौज ध्यानात येते. लंडनच्या मंत्रालयाला जो आक्षेप सुचला तो मुंबईत कोणाला सुचलाच नसता. आपल्याकडे सुई पुरुषाच्या हातात शतकानुशतके आहे. चांदणी चौकातल्या किनारी बाजाराच्या आसपास जरीकाम करीत मांडी घालून बसलेले कारागीर पाहावेत, बहुतेक पुरुषच. आणि मराठी माणसाने तर सुईला बायकी म्हणूच नये, कारण नामदेव शिंपी होते. पंढरपूरहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेलेल्या या पहिल्या मोठ्या ‘परमुलखी’ मराठी माणसाची पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि त्यांतल्या एकात शिंप्याची सगळी हत्यारे भक्तीच्या कामाला लावलेली आहेत. दिल्लीच्या गुरुद्वाऱ्यात ते पद कानी पडते तेव्हा आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात येते, की हे गाणे आपल्या गावच्या शिंप्याचे आहे?

अर्थात आपली अडचण दुसरी होती. सुई पुरुषाची खरी, पण ती शिंप्याची. ज्याच्या सात पिढ्यांनी नांगर आणि तलवार यांखेरीज दुसरे हत्यार हाती धरले नाही, अशा कुणब्याच्या पोराला खडकीच्या शाळेत पहिल्यांदा सुईत दोरा ओवताना काय वाटले असेल? इंग्रजाला बायकांची लाज; याला जातीची. तो पहिला दिवस ज्यांनी काढला त्यांच्या हातचे काही वेदीवर लागले नाही. त्यांनी शिवलेले सदरे कोणी तरी अंगावर घातले, धुतले, विरवले आणि त्यांचे पायपुसणे केले. शिवणाऱ्याच्या हातात मजुरी पडली आणि घरात चूल पेटली. भरतकामाच्या इतिहासात ही माणसे येत नाहीत, पण थेसिजरने मंत्रालयाला जे समजावण्याचा प्रयत्न केला, ते यांना कोणी समजावावे लागले नसेल.

माझे मनगट अजून पुरते वळत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढेच वळेल. परीक्षेची पुढची तारीख लागली आहे. नियमावल्या पुन्हा टेबलावर आल्या आहेत, आणि हाताने तीन तास लिहिणे जमेल की नाही हे तेव्हाच कळेल. दोसुतीचा तो तुकडा मात्र पुरा झाला: चारी बाजूंनी वेल, मध्ये दोन मोर, त्यांतला डावीकडचा पहिल्या आठवड्यातला, म्हणून जरा लंगडा. शेजारचे ते सहकारी गेल्या महिन्यात पुन्हा आले, तेव्हा तो टीपॉयवर पसरलेला होता. त्यांनी चहाचा पेला ठेवताना तो पाहिला आणि विचारले, ‘काय हो, वहिनींनी भरला वाटतं?’ मी म्हणालो, ‘नाही. मी.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की त्यांचे वडील लखनौला रेल्वेत होते, आणि निवृत्तीनंतर हात थरथरू लागले तेव्हा ते घरातल्या सगळ्यांच्या शर्टांची बटणे तोडून पुन्हा लावीत असत. घरातले त्यांना हसत. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

ते गेल्यावर आईने तो तुकडा उचलला आणि सवयीप्रमाणे उलटा करून पाहिला. मोराच्या मानेमागे एक गाठ राहिली होती.

‘एवढं उसव,’ ती म्हणाली.